पुरःस्थ कर्करोग : संप्रेरकबंदीला रक्तवाहिनीरोधक औषधांची जोड

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी होय. या ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ पौरुषसंप्रेरकांवर, प्रामुख्याने टेस्टोस्टेरॉनवर, अवलंबून असते. त्यामुळे शरीरातील हे संप्रेरक घटवणे वा त्याचे कार्य रोखणे हा प्रगत पुरःस्थ कर्करोगावरील मूलभूत उपचार मानला जातो. त्याला संप्रेरकबंदी असे म्हणता येईल. कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची निर्मिती रोखणारी औषधे ही दुसरी स्वतंत्र शाखा आहे. या दोन उपचारांची सांगड घातल्यास रोग अधिक काळ आटोक्यात राहील काय, या प्रश्नावर गेली अनेक वर्षे संशोधन होत आले आहे.

हा प्रश्न परदेशस्थ मराठी कुटुंबांपासून दूर राहिलेला नाही. तोक्योच्या पूर्वेस, चिबा प्रांतातील उरायासु हे शहर डिस्नेलँडमुळे जगाला ठाऊक आहे. जुन्या एदो नदीपलीकडील निशी-कासाई आणि नदीअलीकडील उरायासु हा पट्टा तोझाई रेल्वेमार्गाने जोडलेला असून तेथे भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. २०००च्या सुमारास तरुणपणी आलेली ही पिढी आता पन्नाशीकडे झुकली आहे, आणि तिचे वडील सत्तरी-ऐंशीत आहेत. पुरःस्थ कर्करोग प्रामुख्याने याच वयात होतो. जपानच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीनुसार अलीकडच्या वर्षांत तो जपानी पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग ठरला आहे. निदान झाले की कुटुंबातील कोणीतरी रात्रभर संगणकावर शोध घेतो आणि ‘रक्तपुरवठा तोडून गाठ उपाशी मारणारे औषध’ त्याच्या नजरेस पडते. कल्पना आकर्षक आहे. तिच्यामागील पुरावा कितपत भक्कम आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

संप्रेरकबंदीचा उगम

शिकागो येथील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले की, वृषणे काढून टाकल्यास किंवा स्त्रीसंप्रेरक दिल्यास पसरलेला पुरःस्थ कर्करोग ओसरू लागतो. योगायोग असा की, मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही याच वर्षी. हगिन्स यांना या कार्याबद्दल १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे मेंदूतून वृषणांकडे जाणाऱ्या आज्ञेचा उलगडा झाला. त्या आज्ञेचे वहन करणाऱ्या संप्रेरकाच्या शोधासाठी अँड्र्यू शॅली व रॉजर गियमँ यांना १९७७च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या ज्ञानावर आधारलेले ल्युप्रोरेलिन हे औषध जपानच्या ताकेदा कंपनीच्या संशोधकांनी घडवले. दर महिन्याला किंवा काही महिन्यांनी टोचल्या जाणाऱ्या अशा इंजेक्शनांमुळे शस्त्रक्रियेविना तोच परिणाम साधता येऊ लागला.

संप्रेरकबंदी बहुतेक रुग्णांत सुरुवातीला उत्तम काम करते. रक्तातील पीएसए हे प्रथिन झपाट्याने उतरते, हाडांतील वेदना कमी होतात. तथापि पसरलेल्या रोगात हा परिणाम कायम टिकत नाही. काही महिन्यांनी वा वर्षांनी कर्कपेशी अत्यल्प संप्रेरकावरही जगण्यास सरावतात आणि रोग पुन्हा डोके वर काढतो. संप्रेरकबंदीला कशाची जोड द्यावी, हा शोध या मर्यादेतूनच सुरू झाला.

रक्तवाहिन्यांचा सिद्धांत

बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली असा विचार मांडला की, गाठ काही मिलिमीटरपेक्षा मोठी होण्यासाठी तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात; त्या रोखल्या तर गाठीची वाढ खुंटेल. आरंभी या मताकडे साशंकतेने पाहिले गेले. १९८९ साली नेपोलिओने फेरारा आणि सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हा वाहिन्यांची वाढ घडवणारा घटक वेगळा काढला व फोकमन यांच्या विचाराला ठोस रासायनिक आधार मिळाला. हा घटक निष्प्रभ करणारे बेव्हासिझुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २००४ साली आणि जपानमध्ये २००७ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. पुढे अन्य काही कर्करोगांतही त्याचा उपयोग सुरू झाला. पुरःस्थ कर्करोग मात्र त्याच्या मान्य उपयोगांत नाही.

दोहोंमधील दुवा

हे दोन उपचार एकत्र आणण्यामागे भक्कम जीवशास्त्रीय कारण आहे. पौरुषसंप्रेरक पुरःस्थ ग्रंथीतील पेशींना व्हीईजीएफ निर्माण करण्यास प्रवृत्त करते. नर उंदरांची वृषणे काढल्यावर ग्रंथीतील रक्तप्रवाह लवकरच घटतो आणि ग्रंथीच्या पेशी मरण्यापूर्वी रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी मरू लागतात, असे १९९०च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. अर्थात संप्रेरकबंदी हा काही अंशी रक्तवाहिनीरोधक उपचारच आहे.

या विषयातील एक निर्णायक प्रयोग जपानी वारशावर उभा आहे. शिओनोगी या जपानी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात उंदरांतील एक अशी गाठ जोपासली गेली, जी पौरुषसंप्रेरकाविना जगू शकत नव्हती. ‘शिओनोगी गाठ’ याच नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली. मूळचे उत्तर प्रदेशातील असलेले, बोस्टन येथील शास्त्रज्ञ राकेश जैन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली या गाठीवर वृषणोच्छेदनाचा परिणाम अभ्यासला. प्रथम व्हीईजीएफ घटले, वाहिन्या कोमेजल्या आणि गाठ आक्रसली. परंतु सुमारे दोन आठवड्यांनी व्हीईजीएफ पुन्हा वाढले, नव्या वाहिन्यांची दुसरी लाट आली आणि तिच्याबरोबर गाठही पुन्हा वाढू लागली.

या दुसऱ्या लाटेच्या वेळी रक्तवाहिनीरोधक औषध दिले तर गाठीचे पुनरागमन लांबवता येईल, असा तर्क यातून निघाला. त्याची कसोटी अर्थातच माणसांवरील चाचण्यांतच लागणार होती.

संप्रेरकबंदीसह झालेल्या चाचण्या

पहिली उल्लेखनीय चाचणी थॅलिडोमाइडची. या औषधाचे नाव जपानमध्ये आजही वेदनेने घेतले जाते. १९५८ पासून तेथे झोपेचे औषध म्हणून ते विकले गेले. जर्मनीत नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतले गेल्यानंतरही जपानमधील विक्री सप्टेंबर १९६२ पर्यंत थांबली नाही. गर्भावस्थेत या औषधाची बाधा झालेल्या ३०९ व्यक्तींना तेथे अधिकृत मान्यता मिळाली आहे. हेच औषध नव्या रक्तवाहिन्यांची निर्मिती रोखते, असे १९९४ साली रॉबर्ट डी’आमाटो, फोकमन व सहकाऱ्यांनी दाखवले आणि कर्करोगशास्त्राने त्याच्याकडे नव्याने पाहिले. जपानमध्ये २००८ साली अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगासाठी, कडक देखरेखीखाली, त्याला पुन्हा परवानगी मिळाली.

विल्यम फिग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १५९ पुरुषांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया वा किरणोपचारानंतर या पुरुषांचे पीएसए पुन्हा वाढले होते. सहा महिने संप्रेरकबंदी देऊन ती थांबवण्यात आली आणि त्यानंतर काहींना थॅलिडोमाइड, तर काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली. पीएसए पुन्हा वाढल्यावर हेच चक्र गोळ्यांची अदलाबदल करून दुसऱ्यांदा चालवले गेले. पहिल्या फेरीत पीएसए वाढण्यास लागलेला मध्यक काळ थॅलिडोमाइड गटात १५ महिने आणि दुसऱ्या गटात ९.६ महिने होता. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. दुसऱ्या फेरीत मात्र १७.१ महिने विरुद्ध ६.६ महिने असा स्पष्ट फरक दिसला. थॅलिडोमाइड घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांत दुष्परिणामांमुळे मात्रा कमी करावी लागली, हेही तितकेच लक्षणीय.

दुसरी चाचणी बेव्हासिझुमॅबची. तिचे निष्कर्ष राणा मॅके आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. स्थानिक उपचारानंतर पीएसए वाढलेल्या १०२ पुरुषांपैकी काहींना सहा महिने केवळ संप्रेरकबंदी, तर इतरांना तिच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी बेव्हासिझुमॅब देण्यात आले. रोग परतेपर्यंतचा मध्यक काळ १०.२ महिन्यांवरून १३.३ महिन्यांवर गेला. शिओनोगी गाठीवरून बांधलेल्या तर्काशी हा निष्कर्ष जुळणारा आहे. तथापि लाभ सुमारे तीन महिन्यांचा आहे, चाचणी लहान आहे आणि मोजमाप आयुर्मानाचे नसून रोग परतण्याचे आहे. औषध घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के पुरुषांत रक्तदाब वाढल्याची नोंद झाली. या जोडीमुळे आयुष्य वाढते, हे सिद्ध करणारी मोठी चाचणी त्यानंतर पूर्ण झालेली नाही.

मोठ्या चाचण्यांचा अनुभव

संप्रेरकबंदी निष्प्रभ ठरल्यानंतरच्या टप्प्यात रक्तवाहिनीरोधक औषधांच्या अनेक मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतील चित्र एकसारखे आणि निराशाजनक आहे.

बेव्हासिझुमॅब : डोसिटॅक्सेल या रासायनिक औषधाबरोबर १,०५० पुरुषांवरील चाचणीत (२०१२) रोग न वाढता गेलेला काळ ७.५ वरून ९.९ महिन्यांवर गेला. मध्यक आयुर्मान मात्र २१.५ च्या जागी २२.६ महिने, म्हणजे जवळपास तितकेच राहिले. उपचाराशी निगडित मृत्यू १.२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले.

अफ्लिबरसेप्ट : याच पद्धतीच्या १,२२४ पुरुषांवरील चाचणीत (२०१३) आयुर्मान वाढले नाही.

लेनालिडोमाइड : थॅलिडोमाइडच्या कुळातील या औषधाची चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ते घेणाऱ्या गटाचे आयुर्मान तुलनेच्या गटापेक्षा कमी भरले (२०१५).

सुनिटिनिब : डोसिटॅक्सेलनंतर दिल्यावर रोगाची वाढ काहीशी लांबली, परंतु आयुर्मानात ठोस फरक पडला नाही (२०१४).

कॅबोझँटिनिब : १,०२८ पुरुषांवरील चाचणीत (२०१६) हाडांच्या स्कॅनमध्ये सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के होते, तुलनेच्या गटात ते अवघे ३ टक्के होते. तरीही आयुर्मानातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही.

यांतील शेवटचा निष्कर्ष रुग्णांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्कॅनवरील डाग पुसट होणे किंवा पीएसए उतरणे म्हणजे आयुष्य वाढणे असे गृहीत धरता येत नाही.

अपेक्षाभंगाची कारणे

या अपयशामागे अनेक कारणे संभवतात. पहिले कारण वेळेचे. मोठ्या चाचण्यांतील बहुतेक रुग्ण रोगाच्या उशिराच्या टप्प्यातील होते, तर मूळ सिद्धांत संप्रेरकबंदी नुकतीच सुरू झालेल्या टप्प्याविषयी होता. दुसरे कारण गाठीच्या लवचिकतेचे. व्हीईजीएफचा मार्ग बंद झाला तरी वाहिन्या वाढवणारे अन्य घटक उपलब्ध असतात आणि गाठ त्यांचा आधार घेते. तिसरे कारण प्राणवायूच्या टंचाईचे. रक्तपुरवठा तुटल्यावर टिकाव धरून राहणाऱ्या पेशी अधिक आक्रमक असू शकतात. शिवाय वाहिन्या आक्रसल्या की सोबतचे औषधही गाठीपर्यंत कमी पोहोचते. म्हणूनच वाहिन्या नष्ट करण्यापेक्षा योग्य मात्रेने त्या तात्पुरत्या सुरळीत कराव्यात, असा पर्यायी विचार जैन यांनी मांडला आहे. चौथे कारण रुग्णांच्या वयाचे. वृद्ध पुरुषांच्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना या औषधांचा भार सोसत नाही व मिळालेला लाभ दुष्परिणामांत खर्ची पडतो.

दुहेरी भार

संप्रेरकबंदीमुळे अंगात गरम वाफा येणे, स्नायूंचा ऱ्हास, हाडांचा ठिसूळपणा, पोटाभोवती मेद साठणे, रक्तशर्करा वाढणे, कामेच्छा मंदावणे आणि मन खिन्न होणे असे परिणाम होतात. हृदयविकाराची जोखीमही वाढू शकते. व्हीईजीएफरोधक औषधांमुळे रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जातात, रक्तस्राव वा रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, जखमा भरण्यास विलंब लागतो आणि क्वचित आतड्याला छिद्र पडते. भारतीय पुरुषांत मधुमेह व हृदयविकार तुलनेने लहान वयात आढळतात. त्यामुळे दोन्ही उपचारांचा एकत्रित भार त्यांच्या बाबतीत अधिक काळजीपूर्वक तोलावा लागतो.

सिद्ध झालेल्या जोड्या

संप्रेरकबंदीला जोड देण्याची कल्पना मात्र फसलेली नाही. जपानने हा मार्ग लवकर धरला होता. तेथे संप्रेरकबंदीच्या इंजेक्शनाबरोबर बायकॅल्युटामाइडची गोळी देण्याची प्रथा रूढ झाली. अन्यत्र ५० मिलिग्रॅम ही मात्रा वापरली जात असताना जपानमध्ये ८० मिलिग्रॅम दिली गेली आणि हिदेयुकी आकाझा व सहकाऱ्यांच्या २०५ रुग्णांवरील चाचणीत या जोडीचा कौल आयुर्मानाच्या बाजूने लागला.

अलीकडच्या चाचण्यांनी याहून ठळक यश दाखवले आहे. पसरलेल्या रोगात संप्रेरकबंदीच्या आरंभीच डोसिटॅक्सेल दिल्याने ७९० पुरुषांवरील अमेरिकी चाचणीत (२०१५) मध्यक आयुर्मान ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर गेले. अ‍ॅबिराटेरोनच्या १,१९९ पुरुषांवरील चाचणीच्या अंतिम विश्लेषणात ते ३६.५ वरून ५३.३ महिन्यांवर गेले. डोसिटॅक्सेल व संप्रेरकबंदीला डॅरोल्युटामाइडची तिसरी जोड दिल्यावर १,३०६ पुरुषांवरील चाचणीत (२०२२) मृत्यूची जोखीम ३२.५ टक्क्यांनी घटली. एका पारड्यात रोग परतण्यातील तीन महिन्यांचा विलंब आणि दुसऱ्या पारड्यात आयुष्याचे वर्षाहून अधिक काळ, अशी ही तुलना आहे. रक्तवाहिनीरोधक औषधाच्या मागे लागून यांपैकी एखादा उपचार लांबणीवर पडला, तर त्यात रुग्णाचे मोठे नुकसान आहे.

किरणोपचारातील एक महत्त्वाची चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी रोग परतण्याची जोखीम अधिक असलेल्या २२४ रुग्णांना किमान दोन वर्षे संप्रेरकबंदी देत, केवळ ग्रंथीवरील किरणोपचाराची तुलना संपूर्ण ओटीपोटावरील किरणोपचाराशी केली. पाच वर्षांनी पीएसए न वाढलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८१.२ आणि ९५ टक्के होते (२०२१). एकूण आयुर्मानात मात्र तोवर फरक दिसला नव्हता.

उरायासुतील रुग्णासाठी व्यवहार

शिन-उरायासु स्थानकाजवळील जुंतेंदो विद्यापीठाचे उरायासु रुग्णालय १९८४ पासून कार्यरत आहे. या भागातील रुग्णाला प्रगत उपचारांसाठी फार लांब जावे लागत नाही. सरकारने नेमलेल्या कर्करोग केंद्र-रुग्णालयांत ‘गान सोदान शिएन सेंता’ नावाचा सल्लाकक्ष असतो. त्याचा सल्ला विनामूल्य मिळतो आणि त्या रुग्णालयात उपचार घेत नसलेल्यांनाही तेथे जाता येते.

१९६१ पासून जपानमध्ये सर्वांसाठी आरोग्यविमा आहे. सत्तरीच्या आतील रुग्णाने खर्चाचा ३० टक्के वाटा उचलायचा आणि उत्पन्नानुसार ठरलेल्या मासिक मर्यादेपलीकडचा भार ‘कोगाकु र्‍योयोही’ या तरतुदीने विम्याने सोसायचा, अशी व्यवस्था आहे. ती मान्य उपचारांना लागू पडते. मान्य उपचाराबरोबर अमान्य औषध घेतल्यास, काही अपवाद वगळता, संपूर्ण उपचाराचाच खर्च रुग्णावर पडू शकतो. पुरःस्थ कर्करोगासाठी बेव्हासिझुमॅब मागणाऱ्याला हा नियम आड येतो. नोंदणीकृत चाचणीत सहभाग किंवा एप्रिल २०१६ पासून सुरू झालेली ‘कांजा मोशिदे र्‍योयो’ ही रुग्णाच्या विनंतीवर आधारित योजना, हे त्यातील विधिवत मार्ग होत. जपानमधील चाचण्यांची माहिती जेआरसीटी या नोंदवहीत, तर भारतातील चाचण्यांची सीटीआरआय या नोंदवहीत पाहता येते.

मुलांकडे अल्पमुदतीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना जपानचा सार्वजनिक विमा मिळत नाही. अशा मुक्कामात वडिलांचे निदान झाल्यास तातडीची लक्षणे आटोक्यात आणून पुढील उपचार भारतात सुरू करणे बहुधा श्रेयस्कर ठरते. संप्रेरकबंदीचे इंजेक्शन जपानमध्ये दिले गेले असल्यास औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि पुढील तारीख यांची इंग्रजीतील नोंद सोबत न्यावी. भारतात वृषणे काढण्याची एकवेळची शस्त्रक्रिया हाही कमी खर्चाचा, शास्त्रमान्य पर्याय आहे. बेव्हासिझुमॅबच्या स्वस्त समजैविक आवृत्त्या तेथे सहज मिळतात. त्यामुळे हे औषध सुचवले जाण्याची शक्यता भारतात अधिक आहे.

ते कोणीही सुचवल्यास चार प्रश्न विचारणे रास्त ठरेल. हा उपचार नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे काय? त्याचा अपेक्षित लाभ आयुर्मानातील आहे, की केवळ पीएसए वा स्कॅनमधील? रक्तदाब, मूत्रपिंडे आणि हृदय यांची तपासणी किती वेळा होणार? आणि आयुर्मान वाढवल्याचे सिद्ध झालेली जोड आधी दिली गेली आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर आधी त्या उपचाराविषयी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.